बेलकडे येथील फ्लेक्सवरील चेहऱ्याबाबत

पुरवणी जबाब, दि. १९ ऑक्टोबर

मी, लालासाहेब हरिबा शेवाळे, वय ६३ वर्षे, व्यवसाय शेती, सेवानिवृत्त सुभेदार, राहणार मौजे बेलकडे, तालुका कराड, जिल्हा सातारा, आज सकाळी अकरा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी माझी पत्नी अंजना, वय ५८ वर्षे, हिच्यासह राहतो. आमची एकुलती मुलगी राजेश्वरी पुण्यात नोकरी करते. मी सैन्यात अठ्ठावीस वर्षे नोकरी केली. त्यातील सहा वर्षे लेह व सिक्कीम भागात होतो. त्या काळात माझ्यावर एकदाही ठपका आला नाही. पत्नी घर पाहते व मशीनवर गावातील बायकांचे ब्लाऊज शिवते. तिचे माहेर सांगली जिल्ह्यात, शिराळा तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात आहे.

दि. १४ ऑक्टोबर रोजी मी याच ठाण्यात तक्रार दिली होती. आमच्या अभिनंदनाचा जो फ्लेक्स गावच्या चौकात लावला होता, त्यातील माझ्या पत्नीचा चेहरा कोणीतरी कापून नेला, अशी ती तक्रार होती. माझा संशय चुलतभाऊ नानासो आकाराम शेवाळे व त्याची मुलगी सृष्टी, वय २२ वर्षे, यांच्यावर असल्याचे मी लिहून दिले होते. त्यावरून अदखलपात्र नोंद झाली. त्या तक्रारीतील काही मजकूर खरा नाही. तो दुरुस्त करण्यासाठी मी आज आलो आहे. मला कोणी बोलावलेले नाही.

सृष्टीची केंद्रीय राखीव पोलीस दलात निवड झाली आहे. तिच्या चारित्र्य पडताळणीचा कागद सध्या याच ठाण्यात आहे. तो दोन दिवसांत वर जायचा आहे व तिच्या नावापुढे माझ्या तक्रारीची नोंद आहे. असा शेरा गेला तर काय होते हे मला माहीत आहे. मी स्वतः भरतीच्या कामावर तीन वर्षे होतो.

हकीकत अशी आहे.

मुलगी राजेश्वरी हिने आम्हा दोघांसाठी पॅरिस शहराची सहा दिवसांची सहल ठरवली. आमच्या गावातून नोकरीसाठी दुबईला गेलेले आहेत, शिकायला जर्मनीला गेलेले आहेत. नवराबायको दोघे मिळून नुसते बघायला गेले, असे आमच्या आधी कोणी नव्हते. दि. १६ सप्टेंबर रोजी निघताना भावकीतील बायकांनी आम्हाला ओवाळले. आमच्याबरोबर दोन्ही पासपोर्टनाही हळदकुंकू लावले. तिकडे उतरल्यावर विमानतळावरील अधिकाऱ्याने तो डाग नखाने खरवडून पाहिला, बोट हुंगले आणि शिक्का मारला.

आमच्या गटात एकतीस माणसे होती. बहुतेक पुण्याची व कोल्हापूरची, चार सांगलीची. सांगलीचे सेवानिवृत्त शिक्षक बाळासो मगदूम यांच्याशी आमची ओळख झाली. सुभेदार म्हणून गटात मला मान होता. बसमध्ये पुढची जागा मला ठेवत. सकाळी सगळे जमले की नाही ते मी मोजत असे. पहिल्या दिवशी नदीतून बोटीने फिरलो. पत्नीने नदीला हात जोडले आणि पिशवीतून खण-नारळ काढला. गाईडने नारळ पाण्यात टाकू दिला नाही. नदीची ओटी आपल्याकडे भरतात, इथेही नदीच आहे, असे पत्नीने त्याला समजावून सांगितले. गाईड पुण्याचा होता. त्याला समजले, पण त्याने हात जोडले. तो नारळ आम्ही परत आणला.

दुसऱ्या दिवशी तिकडे पाऊस व थंडी होती. पत्नीच्या साडीचा काठ भिजून जड झाला. राजेश्वरीने बॅगेच्या तळाला काळी पँट, निळे जाकीट व बूट ठेवले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी पत्नी ते घालून खोलीतून बाहेर आली. लग्नाला अडतीस वर्षे झाली. मी तिला साडीशिवाय दुसऱ्या कपड्यांत पाहिले नव्हते. त्या दिवशी मी तिच्या दोन पावले पुढे चाललो. दुपारनंतर ती माझ्या पुढे गेली. साडीतून मोकळे झालेले पाय लांब पडतात, हे मला तेव्हा समजले. मगदूम सरांच्या पत्नी म्हणाल्या, "वैनी, कॉलेजात चालल्यागत दिसताय." ती तोंडावर हात धरून हसली.

चौथ्या दिवशी, दि. २० सप्टेंबर रोजी, सकाळी साडेदहा वाजता आम्हाला आयफेल टॉवरपाशी नेले. लिफ्टची तिकिटे त्या दिवसाची संपली होती. ज्यांना जमेल त्यांनी जिन्याने दुसऱ्या मजल्यापर्यंत जावे, बाकीच्यांनी खाली बागेत थांबावे, असे गाईडने सांगितले. तेरा जणांनी हात वर केले. त्यात पहिला हात माझा होता. मी गटाला लेहमधील चौकीची हकीकत सांगितलेली होती. पत्नीने हात वर केला नव्हता. ती माझ्याबरोबर आली.

माझ्या डाव्या गुडघ्याला सिक्कीममध्ये असताना मार लागला आहे. हे मी गटात कोणाला सांगितले नव्हते. बेचाळीस पायऱ्या चढल्यावर गुडघा बसला. मी कठडा धरून उभा राहिलो. मागची माणसे बाजूने वर जात राहिली. एका परदेशी बाईने मला पाण्याची बाटली पुढे केली. ती मी घेतली नाही.

पत्नी मागे वळून खाली आली. तिने माझा गुडघा पाहिला. ती म्हणाली, "बसा हितं. खाली जाऊया सावकाश."

मी खाली जातो, असे म्हणालो.

तिने जिन्याकडे पाहिले. मग तिने विचारले, "मी जाऊ वर?"

मी म्हणालो, "कशाला?"

ती म्हणाली, "बगाया."

तिने तिची पिशवी माझ्याकडे दिली व ती वर गेली. मी कठडा धरून खाली उतरलो. बागेतील बाकावर बसलो. तिथे गटाच्या बऱ्याच पिशव्या होत्या. त्यांच्यावर लक्ष ठेवायचे काम मी स्वतःहून घेतले.

पत्नी एक तास पन्नास मिनिटांनी खाली आली. ती वरपर्यंत म्हणजे जिना जिथे संपतो तिथपर्यंत गेली होती. तेरा जणांपैकी सात जण पहिल्या मजल्यावरून परत फिरले. त्यातील दोघे तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होते. तिने पायऱ्या मोजल्या होत्या. तिच्या माहेरी बायका विसाच्या हिशोबाने मोजतात. वीस झाले की एक बोट मिटायचे. तिने मला सांगितले, "तेहतीस इसा आन वर चौदा." गाईडने सांगितलेला आकडा सहाशे चौऱ्याहत्तर होता. मी मनात गुणाकार केला. तो जुळला.

तिने आणखी सांगितले की, वर वारा लय आहे. माणसे मुंग्यांसारखी दिसतात. माहेरी गवताचा भारा घेऊन कडा चढायचो तेव्हा खाली घरे अशीच दिसायची, फक्त इथे डोक्यावर भारा नव्हता. वरून तिने मला शोधले. बाकावर बसलेला एक माणूस मीच असेन असे वाटून तिने हात केला. "तुमीच हुता का दुसरं कोण, द्येव जाणं. पर केला." त्या वेळी मी वर पाहत नव्हतो.

मी तिला म्हणालो की, लय वेळ लावलास. एवढेच म्हणालो.

वर मगदूम सरांनी तिचा फोटो काढला होता. तो त्यांनी संध्याकाळी माझ्या मोबाईलवर पाठवला. त्यात तिचे केस सुटून वाऱ्यावर आहेत. जाकिटाची चेन उघडी आहे. एक हात कठड्यावर आहे. ती हसते आहे व तोंडावर हात नाही. वरच्या बाजूचा एक दात पडलेला आहे, तो दिसतो. हा फोटो मी राजेश्वरीला पाठवला नाही. पत्नीने तो दोनदा पाहायला मागितला. दोन्ही वेळा दाखवला.

आम्ही दि. २३ सप्टेंबर रोजी गावी परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालून झाल्यावर डेअरीसमोर रंगुबाईच्या चहाच्या टपरीवर दहाबारा माणसे होती. चुलतभाऊ नानासो म्हणाला, "काय दादा, टावर चढलासा का खालनंच सलाम ठोकलासा?"

सगळे हसले. मीही हसलो. नानासोला काही माहीत असण्याचे कारण नव्हते. तो सगळ्यांशीच असे बोलतो. मागच्या वर्षी सरपंच दिल्लीला जाऊन आले तेव्हा त्यांनाही तो, रेल्वेत दरवाजा कुणीकडं असतो ते तरी बघितलं का, असे विचारत होता. त्याच्या बोलण्यात वाकडे काही नव्हते. मला ते लागले, कारण ते खरे होते.

मी म्हणालो, "चढलो की. तेहतीस इसा आन चौदा पायऱ्या."

रंगुबाईने वर काय दिसते असे विचारले. मी सांगितले की वारा लय असतो आणि माणसे मुंग्यांवानी दिसतात. कड्यावरून घरे दिसतात तशी, असेही सांगितले. हे सर्व शब्द पत्नीचे होते. त्या वेळी ती तिथे नव्हती.

माझा भाचा अमृत हा गणेश मंडळाचा कार्यकर्ता आहे. गावात कोणाचा वाढदिवस असो, कोणी भरती होवो, कोणाचा बैल शर्यतीत पहिला येवो, चौकात फ्लेक्स तोच लावतो. त्याने दि. ९ ऑक्टोबर रोजी माझ्याकडे फोटो मागितला. मगदूम सरांनी पाठवलेला फोटो मी त्याला दिला. तो म्हणाला, "मामा, तुमी कुठं हाय ह्यात?" मी त्याला माझा निवृत्तीच्या वेळचा, कोटावर पदके लावलेला फोटो दिला व तो शेजारी बसवायला सांगितले. मामीचे काय, असे त्याने विचारले. तिचा चेहरा बदलावा, संक्रांतीच्या हळदकुंकवातील, डोक्यावर पदर असलेला फोटो घ्यावा व खाली साडी करावी, असे मी सांगितले. अमृत म्हणाला की ह्यात मामी चांगली दिसते. सांगितले तसे कर, असे मी त्याला म्हणालो. हे सर्व मी सांगितले होते. अमृतचा यात दोष नाही.

फ्लेक्स दहा फूट बाय आठ फुटांचा होता. मजकूर असा होता: 'आमचे मार्गदर्शक सुभेदार लालासाहेब शेवाळे व सौ. अंजना वहिनी यांनी पॅरिस येथील आयफेल टॉवर सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुक म्हणून मंडळातील बावीस पोरांचे चेहरे होते. सर केल्याबद्दल हा शब्द अमृतचा. मी तो वाचला होता. काढायला सांगितले नाही. फ्लेक्सला ग्रामपंचायतीची परवानगी घेतलेली नव्हती, हेही खरे आहे.

दि. १२ ऑक्टोबर रोजी दुपारी फ्लेक्स लागला. संध्याकाळी पत्नी डेअरीतून येताना त्याच्यासमोर उभी होती, असे मला नंतर कळले. घरी आल्यावर तिने फोटो कोणी दिला एवढेच विचारले. अमृतने दिला, असे मी सांगितले. ते खोटे होते.

दि. १३ ऑक्टोबर रोजी सकाळी सात वाजता अमृतने येऊन फ्लेक्स कापल्याचे सांगितले. मी जाऊन पाहिले. माझा फोटो, टॉवर, मजकूर, पोरांचे चेहरे सगळे जागेवर होते. पत्नीच्या चेहऱ्याच्या जागी साधारण दीड फूट रुंदीचे भोक होते. त्यातून मागची पिठाची गिरणी दिसत होती. लोक जमले. आमच्याकडे फ्लेक्स फाटला की भावकीने फाडला असे धरून चालतात. चौकशी त्याच्यानंतर होते. दोघा-तिघांनी नानासोचे नाव घेतले. टपरीवरचे त्याचे बोलणे सगळ्यांच्या लक्षात होते. माझ्याही होते.

शेजारच्या धोंडुबाई म्हणाल्या की पहाटे साडेपाचला सृष्टी चौकात पळताना दिसली, तिच्या हातात काहीतरी होते. मी तक्रारीत 'हातात चमकणारी धारदार वस्तू' असे लिहून दिले. धोंडुबाई धारदार म्हणाल्या नव्हत्या. तो शब्द मी घातला.

सृष्टी रोज पहाटे साडेपाचला पळते. गेली दोन वर्षे तिचा पळण्याचा सराव मी घेतला आहे. कॅनॉलच्या रस्त्यावर मी खुणेचे दगड लावून दिले होते. सोळाशे मीटर ती पहिल्यांदा साडेनऊ मिनिटांत पळाली, भरतीच्या आधी सव्वासहा मिनिटांवर आली. माझे सैन्यातले स्टॉपवॉच मी तिला वापरायला दिले होते. तिच्या हातात काय असते हे गावात सर्वांत जास्त मला माहीत होते.

ठाण्याच्या हवालदारांनी पंचनामा केला तेव्हा त्यांनी काप सलग व गोल असल्याचे नमूद केले होते. ब्लेडने कापले तर कडा फाटते. ही कडा फाटलेली नव्हती. शिलाईच्या कात्रीने ब्लाऊजचा गळा कापतात तशी ती होती. त्या वेळी माझ्या मनात शंका आली होती काय, असे आज मला जबाब घेणाऱ्या साहेबांनी विचारले. आली नव्हती असे मी शपथेवर सांगू शकत नाही.

दि. १७ ऑक्टोबर रोजी सायंकाळी पाच वाजता सृष्टी आमच्या घरी आली. पायरीच्या खाली उभी राहिली. आत ये म्हटले तरी आली नाही. तिने स्टॉपवॉच रुमालात गुंडाळून आणले होते. ते तिने कट्ट्यावर ठेवले.

ती म्हणाली, "आण्णा, हे तुमचं घड्याळ. आता लागणार न्हाई."

ती रडत नव्हती. तक्रार मागे घ्या असेही म्हणाली नाही. मी तिला कधी विनवणी करायला शिकवले नव्हते. ती जायला वळली तेव्हा पत्नी मशीनवरून उठून बाहेर आली. तिला तोपर्यंत सृष्टीचे नाव तक्रारीत आहे हे माहीत नव्हते. नानासोशी काहीतरी बिनसले आहे एवढेच मी तिला सांगितले होते.

पत्नीने सृष्टीला थांबवले. काय झाले ते तिच्याकडून ऐकून घेतले. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "म्या कापलं त्ये."

कधी, असे मी विचारले. ती म्हणाली की तेरा तारखेला पहाटे पाच वाजता दूध घालायला जाताना कात्री पिशवीत घातली. चौकातील कट्ट्यावर उभी राहिली. हात पुरला. कापलेला तुकडा घरी आणून आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातला. मी त्याच पाण्याने आंघोळ केली होती.

का, असे मी विचारले. सृष्टी तिथेच होती. पत्नी म्हणाली, "ती मी न्हवं. डोईवर पदर घिऊन, मान खाली घालून कोण चढतंय तितं? आन तुमीबी तितं न्हवता. दोगंबी न्हवतो त्या चित्रात. तुमचं तुमी ठेवा, माजं म्या काढून घ्येतलं."

मी म्हणालो की लोक काय म्हणतील म्हणून तो फोटो दिला नाही. ती म्हणाली, "लोकांनी कुठं बगितलाय अजून."

मी पत्नीस सुचवले की गैरसमजातून तक्रार दिली असे लिहून देतो, म्हणजे सृष्टीचेही काम होईल व घरातले घरात राहील. पत्नीने ते ऐकले नाही. ती म्हणाली, "पोरीचं नाव कागदावर घालताना सगळं तपशीलवार लिवलंसा. काढतानाबी तसंच लिवा. गैरसमज म्हटलं की लोक म्हणत्याल सुभेदारानं भावकी सांभाळली. पोरीच्या नावाला डाग तसाच ऱ्हाईल."

तिचे म्हणणे बरोबर आहे. भरतीच्या कामावर असताना मीही गैरसमज असा शेरा वाचला की पुन्हा चौकशी लावत असे.

दि. १८ रोजी सकाळी मी नानासोच्या घरी गेलो. त्याला सर्व सांगितले. टॉवरचेही सांगितले. पत्नी वर गेली, मी खाली पिशव्यांजवळ होतो, असे मी त्याच्या ओसरीवर, त्याच्या बायकोसमोर सांगितले. नानासो बराच वेळ तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, "दादा, तवाच न्हाई म्हणाला असतासा तर म्या चहा सांगितला असता. निस्ता चहाचा इषय हुता." मग म्हणाला, "माझं ऱ्हाऊ द्या. पोरीचं आधी करा." चहा आला. तो मी घेतला. नानासोने माझ्याबरोबर घेतला नाही. तो त्याचा हक्क आहे.

तिथून मी रंगुबाईच्या टपरीवर गेलो. तिथे सात माणसे होती. मी वर चढलो नव्हतो, अंजना चढली, असे त्यांना सांगितले. कोणी हसले नाही. रंगुबाईने विचारले, "वयनी? सगळ्या पायऱ्या?" मी हो म्हणालो. तिने शेगडी बारीक केली आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावले. मी सांगितले. या वेळी कोणते शब्द कोणाचे तेही सांगितले. सांगताना मला सोपे जाईल असे वाटले नव्हते. बेचाळीस पायऱ्यांपर्यंत अवघड गेले. तिथून पुढे ती चढत होती. तेव्हा माझा आवाज मोठा झाला होता, असे मला अमृतने नंतर सांगितले.

तरी माझे सांगणे असे की, फ्लेक्स कापण्याशी नानासो आकाराम शेवाळे व सृष्टी नानासो शेवाळे यांचा कोणताही संबंध नाही. सृष्टीच्या हातातील वस्तू स्टॉपवॉच होती व ती मीच दिलेली होती. ती धारदार नव्हती. सृष्टी ही शिस्तीची, खरे बोलणारी व वेळेची पक्की मुलगी आहे. दोन वर्षांत तिने सरावाचा एकही दिवस चुकवलेला नाही. मी अठ्ठावीस वर्षांत अनेक जवान पाहिले. माझ्या हाताखाली असती तर मला अभिमान वाटला असता असे पूर्वी मी तिला म्हणालो होतो. ते मी इथे पुन्हा लिहून देतो. स्टॉपवॉच काल मी तिच्या घरी परत नेऊन दिले. ते तिने घेतले. घेतल्यावर चावी देऊन पाहिली.

खोटी माहिती दिल्याबद्दल माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. त्याबाबत माझी सेवा, पदके किंवा वय विचारात घेऊ नये.

फ्लेक्स अमृतच्या मंडळाचा आहे. त्याची मामीविरुद्ध तक्रार नाही. तो म्हणाला की, आधी सांगितले असते तर शिडी दिली असती. फ्लेक्स काल दुपारी उतरवला. त्या जागी नवा लावायचा नाही, असे मी सांगितले. अमृत म्हणाला की या वेळी मामाला विचारणार नाही, मामीला विचारीन. त्यांचे काय ठरले ते मला माहीत नाही.

पॅरिस येथील टॉवरवर दि. २० सप्टेंबर रोजी गेलेली व्यक्ती माझी पत्नी अंजना आहे. ती सहाशे चौऱ्याहत्तर पायऱ्या पायी चढली व पायी उतरली. मी बेचाळीस चढलो. मगदूम सरांनी काढलेला मूळ फोटो, त्यात काहीही फेरफार न करता, कराडमधून छापून या जबाबासोबत देत आहे. तो आवश्यक नाही, असे साहेब म्हणाले. तो फाईलला लावावा अशी माझी विनंती आहे. साहेबांनी तो टेबलावर ठेवला. ठाण्यातील तीन महिला कर्मचाऱ्यांनी तो हातात घेऊन पाहिला. एकीने पत्नीला पायऱ्या किती असे विचारले. पत्नीने विसाच्या हिशोबाने सांगितले. मी मध्ये बोललो नाही.

पत्नी आज माझ्यासोबत हजर आहे. फ्लेक्स आपण कापल्याचे तिने साहेबांसमोर कबूल केले आहे. तिला झाल्या प्रकाराचा पश्चात्ताप आहे, असे लिहू का, म्हणजे विषय इथेच मिटेल, असे साहेबांनी मला विचारले. मी पत्नीकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. ती साहेबांकडे पाहत होती.

तसे लिहू नये.

हा जबाब मी सांगितला तसा टंकलिखित झाला. माझ्या सांगण्यावरून तो माझ्या पत्नीसमोर मोठ्याने वाचण्यात आला. त्यात तिने काही बदल सांगितला नाही. तो खरा आहे म्हणून सही करतो.

(लालासाहेब हरिबा शेवाळे)

समक्ष: अंजना लालासाहेब शेवाळे